गरम टॉवेलची अट

ब्रिडलिंग्टन
१० मे १९९२

प्रिय सिरिल,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. दोनदा वाचलं, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. "डोरिस गेल्यापासून मागची खोली बंद आहे. खोलीत कोणी झोपत नसलं की भिंतींना ओल धरते. तू अजून त्या बंगलीत एकटीच आहेस ना?" बस, एवढंच. आता मला सांग, हे आमंत्रण आहे की ओलीचा अहवाल? अहवाल असेल तर खिडकी उघडी ठेव. आमंत्रण असेल तर तसं लिही, म्हणजे मलाही तसं उत्तर देता येईल.

टेलिफोन करून विचारलं असतं, पण आपल्या घराण्यात टेलिफोन वाजला की कोणीतरी गेलं असं समजून तू आधी काळा टाय शोधायला जातोस.

इकडे चर्चच्या बायका हात धुऊन माझ्या मागे लागल्या आहेत. समुद्राकाठी म्हाताऱ्यांसाठी नवे फ्लॅट झालेत, त्यातल्या एकात मला बसवल्याशिवाय त्यांना झोप लागणार नाही. प्रत्येक खोलीत छतापासून एक लाल दोरी लोंबते. ओढली की वॉर्डनबाई धावत येतात. एकाहत्तर वर्षं मी कोणासाठी दोरी ओढली नाही, आणि आता ओढायची! पण खरं सांगू, ह्या हिवाळ्यात मनगट मोडलं तेव्हा स्वयंपाकघराच्या फरशीवर पडल्या पडल्या मला त्या दोरीची आठवण झाली होती.

तुझ्याकडे यायचं म्हटलं तर एक अडचण आहे, आणि ती म्हणजे तुझं न्हाणीघर. गेल्या नाताळात अंघोळ करून वळले आणि गरम पाण्याने तापणाऱ्या तुझ्या त्या लोखंडी रेडिएटरने मला जिथे डाग दिला, तो डॉक्टरला दाखवायचीही सोय नाही. आठवतं, हॅरोगेटला तुझ्या मेहुणीच्या, एडिथच्या, मुलीच्या लग्नाला गेलो होतो? तिथल्या हॉटेलात न्हाणीघराच्या भिंतीवर चकचकीत दांड्यांची शिडी होती. आत गरम पाणी खेळतं आणि दांड्यांवर टॉवेल वाळत घालायचे. अंघोळ झाल्यावर तो गरम टॉवेल अंगाभोवती घेतला तेव्हा वाटलं, आपण कोणीतरी आहोत. तशी एक शिडी बसव, मग मी विचार करीन.

तुझी,
विनी

*

टॉडमॉर्डन
३१ मे १९९२

प्रिय विनी,

तुझं १० तारखेचं पत्र पोचलं. अटीची नोंद घेतली आहे. काम सुरू केलं आहे.

प्लंबर बोलावला नाही. ह्या गल्लीत बत्तीस नंबरच्या माणसाने एकदा बोलावला होता. तो घर सोडून गेला तरी लोक अजून "तो प्लंबरवाला" म्हणूनच त्याची आठवण काढतात. मी वाचनालयातून पुस्तक आणलं आणि पहिली तीन प्रकरणं टिपणं काढून वाचली. शेजारचा होरेस रोज सकाळी येतो आणि कमोडच्या झाकणावर बसून, हातात चहाचा कप धरून, मार्गदर्शन करतो. त्याने स्वतः असं काम केलेलं नाही. पण मेहुण्याने केलं तेव्हा तो शेवटपर्यंत तिथे उभा होता, आणि तो म्हणतो की उभं राहणाऱ्यालाच जास्त दिसतं.

आधी सगळ्या घराच्या पाईपांतलं पाणी काढावं लागतं. खालच्या मजल्यावर नळी जोडली आणि तिचं तोंड रस्त्यावर सोडलं. वीस वर्षांचं साचलेलं पाणी, शाईसारखं काळं. ते उताराने सगळ्यांच्या दारांपुढून गेलं. त्यामुळे काम चालू झाल्याचं कोणाला वेगळं कळवावं लागलं नाही.

"रेडिएटर आता रिकामा झाला असणार," होरेस म्हणाला.

"पुस्तक म्हणतं, तळाशी थोडं राहतं. खाली तसराळं धर."

"अरे, माझ्या मेहुण्याच्या वेळी एक थेंब नव्हता!"

आम्ही रेडिएटर भिंतीवरून उचलला, आणि पुस्तक बरोबर निघालं. डोरिसचा न्हाणीघरातला तो फिका गुलाबी गालिचा आता गुलाबी राहिलेला नाही. मी तो गुंडाळून अंगणात ठेवला आहे. टाकवत नाही.

आता महत्त्वाची गोष्ट. ह्या कामात एक जुना दोष सापडला. तुलाही आठवत असेल, तो रेडिएटर भर जुलैतही कोमट असायचा. घरातले बाकीचे सगळे थंड आणि हा एकटा गरम. मी समजत होतो की त्याचा व्हॉल्व्ह बिघडला आहे. जमिनीच्या लाकडी फळ्या उचलल्यावर कळलं. घरातलं सगळं पाईपांचं काम करणाऱ्या डोरिसच्या काकांनी तो घर तापवणाऱ्या पाईपांना जोडलाच नव्हता, तो गरम पाण्याच्या टाकीच्या पाईपांवर जोडला होता! म्हणजे आम्ही उन्हाळ्यात नुसतं अंघोळीचं पाणी तापवलं तरी तो आपला मधल्या मध्ये तापत बसायचा. वीस उन्हाळे आम्ही विनाकारण गॅस जाळला. मी ते दोन्ही पाईप कापले आणि टोप्या घालून कायमचे बंद केले. नवी शिडी समोरच्या भिंतीवर येईल, आणि तिला पाणी मागच्या खोलीच्या रेडिएटरच्या पाईपांतून, म्हणजे नियमाप्रमाणे, मिळेल.

जुना रेडिएटर होरेसने त्याच्या मळ्यात नेला. त्यावर तो घेवड्याचे वेल चढवणार आहे.

मनगट कसं आहे? वजन उचलू नकोस.

तुझा,
सिरिल

*

ब्रिडलिंग्टन
८ जून १९९२

प्रिय सिरिल,

तुझं पत्र मी दुकानात मोठ्याने वाचून दाखवलं. (हो, अजून दर गुरुवारी जाते. लोकरीचं दुकान विकलं तरी नव्या मालकिणीला अजून विणीतले टाके मोजता येत नाहीत.) होरेस कमोडवर बसून चहा पितो ह्या ठिकाणी आम्हाला थांबावं लागलं. डोळे पुसायला.

पण तू अंघोळ कुठे करतोस? की करतच नाहीस? पुढच्या पत्रात ह्याचं स्वच्छ उत्तर हवं.

डोरिसच्या गालिच्याचं वाचून वाईट वाटलं. न्हाणीघरात गालिचा घालणं हा शुद्ध वेडेपणा आहे असं मी तिला तोंडावर सांगितलं होतं, आणि ती म्हणाली होती, "विनी, सकाळी उठल्यावर पायाला काहीतरी मऊ लागावं, एवढंच माझं मागणं आहे." ठेव अंगणात. टाकू नकोस.

माझ्या मागच्या पत्रात एक प्रश्न होता. त्याचं उत्तर सगळ्या पाईपांत कुठेतरी अडकलं असावं. असो.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात मी मोकळी आहे. आठवडाभर येऊ का? तुझी शिडीही बघेन आणि मागच्या खोलीत झोपून ती ओलही. मग दोघांनाही कळेल, काय जमतं आणि काय नाही.

तुझी,
विनी

*

टॉडमॉर्डन
५ जुलै १९९२

प्रिय विनी,

शिडी बसली!

एक थेंबही गळत नाही. प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद ठेवून मी एक रात्र जाऊ दिली आणि सकाळी कागद कोरडेच होते. होरेसने ते कागद खिडकीशी धरून पाहिले आणि म्हणाला, "ठीक आहे." त्याच्या तोंडून ह्यापेक्षा जास्त मी कधी ऐकलेलं नाही.

उशीर झाला तो मापामुळे. भिंतीतून निघणाऱ्या दोन पाईपांमधलं अंतर मी इंचांत मोजलं होतं आणि शिडी इटलीची. दुकानदार आकडा मिलिमीटरमध्ये बदलून देतो म्हणाला. मी म्हटलं, कशाला, मी गिरणीच्या रंगखात्यात चाळीस वर्षं मापंच घेतली आहेत. मी स्वतः बदलला. शिडी पाईपांच्या मध्ये आलीच नाही, हातभर बाजूला राहिली. मग पाईप पुन्हा कापून, वळवून आणावे लागले. त्यात तीन रविवार गेले. आता नीट पाहिलं तर डावीकडचा पाईप थोडा वळसा घेऊन येतो, पण टॉवेल घातल्यावर ते दिसत नाही.

अंघोळ होरेसकडे करतो, दर शनिवारी. त्याची बायको थेल्मा माझ्यासाठी टॉवेल काढून ठेवते आणि मग दोघं खाली बसून आवाज मोठा करून टीव्ही बघतात. ते मुद्दाम करतात हे मला कळतं.

आता तुझ्या येण्याविषयी. जुलै नको. काही बाबी अजून मार्गी लागायच्या आहेत. रंग द्यायचा आहे. तू नोव्हेंबरात ये. नोव्हेंबरच सगळ्यात उत्तम. तेव्हा सगळं जसं असायला हवं तसं असेल.

तुझा,
सिरिल

*

ब्रिडलिंग्टन
१४ जुलै १९९२

प्रिय सिरिल,

नोव्हेंबर! मी बॅग काढली होती, ती परत वर ठेवली.

रंगाचं निमित्त तू एडिथला सांग. मला नाही. लहानपणी एखादी गोष्ट करायची नसली की तू असाच मोठमोठे शब्द वापरायचास. आईने विचारलं, "सिरिल, विनीला तळ्यावर घेऊन जातोस का?" की तुझं उत्तर तयार: "सध्या परिस्थिती अनुकूल नाही." नऊ वर्षांचा होतास. मी समजून घ्यायची आणि एकटी जायची.

आताही समजून घेईन. एक माणूस घरात एकटा राहायला शिकला की दुसऱ्याची चप्पल दारात बघून त्याला धस्स होतं. मला स्वतःलाच होतं. त्यात रागवण्यासारखं काही नाही.

फ्लॅटवाल्यांना ऑगस्ट संपायच्या आत हो किंवा नाही कळवायचं आहे. इथे घरमालकाचंही काहीबाही चाललंय, ते सोड.

एकच सांग. टॉवेल गरम होतो का? हो की नाही. मोठे शब्द नकोत.

विनी

*

टॉडमॉर्डन
२ ऑगस्ट १९९२

प्रिय विनी,

होईल.

म्हणजे आत्ता होत नाही, पण होईल. शिडी आता घर तापवणाऱ्या पाईपांवर आहे, हे मी मे महिन्यात लिहिलंच होतं. घर तापवायला सुरुवात झाली की शिडी आपोआप तापेल. आणि सुरुवात आपल्याकडे कधी होते हे तुला मी सांगायला नको. ऑक्टोबरअखेर घड्याळं एक तास मागे जातात त्या रविवारी. आईने कधी त्याआधी शेगडी पेटवली नाही, डोरिसने बॉयलरचं ते बटण त्याआधी दाबलं नाही, आणि ह्या गल्लीत कोणी दाबत नाही. बाहेरच्या नळकांड्यातून वाफ निघते आणि सगळ्यांना दिसते. बत्तीस नंबरवाल्याने एकदा ते पण केलं होतं.

तोपर्यंत टॉवेल वाळायला थोडा वेळ लागतो. सोमवारी टांगलेला गुरुवारी पाहिला तेव्हा ओलसर होता. बाथटबच्या मागे कोपऱ्यात अळंबीची एक छत्री उगवली आहे. होरेस म्हणाला ती खाण्याच्या जातीची असू शकते. मी काढून टाकली.

तू जुलैत आली असतीस तर तुला ही शिडी थंडगार दिसली असती, म्हणून मी नोव्हेंबर म्हटलं. मध्यंतरी एक प्रयोगही केला. तू अचानक आलीस तर काय, म्हणून टॉवेल ओव्हनमध्ये मंद आचेवर ठेवून पाहिला. तो उपाय व्यवहार्य नाही. टॉवेल निळा होता, आता मधोमध तपकिरी आहे.

सोबत शिडीचा फोटो पाठवतो. टॉवेलशिवाय काढला आहे, म्हणजे दांड्या नीट दिसतील.

तुझा,
सिरिल

*

ब्रिडलिंग्टन
१२ ऑगस्ट १९९२

अरे देवा, सिरिल!

मी तुझं पत्र घेऊन न्याहारीच्या टेबलाशी बसले, मग मेचं पत्र शोधून आणलं आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवली. मला पाईपांतलं काही कळत नाही. पण स्वेटर उसवताना कोणता धागा कुठून येतो हे मला कळतं. नीट ऐक.

तुझ्याकडे भिंतीवर एक वस्तू होती. ती जानेवारीत गरम असायची आणि जुलैतही गरम असायची. डोरिसचे काका येडे नव्हते! त्यांनी तो रेडिएटर टाकीच्या पाईपांवर मुद्दाम जोडला होता, बाकीचं घर थंड ठेवूनही टॉवेल वाळावेत म्हणून. वीस वर्षं तुझे टॉवेल कोणी वाळवले असं तुला वाटतं? तू ती वस्तू उपटलीस, तिचे पाईप कायमचे बंद केलेस, ती होरेसच्या घेवड्याला दिलीस. आणि तिच्या जागी टॉवेल गरम करण्यासाठी इटलीहून एक सुंदर वस्तू आणलीस, जिच्यावर टॉवेल कुजतात. तेही काटकसर म्हणून. असं काम करायला आपल्याच तालुक्यातला माणूस लागतो.

मी इतकी हसले की पलीकडच्या बाईने भिंत ठोकली.

आता हसणं पुरे. तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे, आणि ती मी मुद्दाम सांगितली नव्हती. घरमालकाने बंगली विकली. मला सप्टेंबरअखेर बाहेर पडायचं आहे. मेमध्येच कळलं होतं. तुला सांगितलं असतं तर तू कर्तव्य म्हणून ये म्हणाला असतास, आणि मला कर्तव्य म्हणून कोणाच्या मागच्या खोलीत राहायचं नव्हतं. मला बघायचं होतं, तू आपण होऊन म्हणतोस का.

टॉवेलची अट मी थट्टेत घातली होती रे. तू एक ओळ लिहिली असतीस तर मी ओला टॉवेलही चालवून घेतला असता.

काल मी फ्लॅटला हो म्हणून सही केली. चोवीस सप्टेंबरला राहायला जाते. वाईट वाटून घेऊ नकोस. समुद्र दिसतो.

विनी

*

टॉडमॉर्डन
२० ऑगस्ट १९९२

प्रिय विनी,

तुझं पत्र मिळालं. फ्लॅटबद्दल अभिनंदन. वॉर्डन असणं सोयीचं. तुझ्या वयात योग्य निर्णय आहे.

रेडिएटरविषयी तू म्हणतेस ते तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे.

सामान हलवायला माणसं लागली तर कळव.

सिरिल

*

टॉडमॉर्डन
६ सप्टेंबर १९९२

प्रिय मिस हेलिवेल,

मी थेल्मा हॉर्सफॉल, तुमच्या भावाच्या शेजारची, होरेसची बायको. आपण नाताळात भेटलो होतो, मी आल्याचा केक आणला होता, तुम्ही म्हणालात थोडं आलं कमी चाललं असतं. मी कधी कोणाला असं पत्र लिहीत नाही, आणि होरेसला कळलं तर तो म्हणेल नाक खुपसू नकोस, पण होरेसचं आता काही सांगू नका.

मंगळवारी सकाळी मी दूध घ्यायला दार उघडलं तर मिस्टर हेलिवेलच्या भिंतीतून वाफ! सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला! मला वाटलं आग. समोरच्या मिसेस क्रॅबट्री रस्त्यावर आल्या, म्हणाल्या, "थेल्मा, गेले की काय ते? हे असं शेवटीच करतात." मी दार वाजवलं. ते आले, शर्टाच्या बाह्या वर केलेल्या, घामाने निथळत. घर नुसती भट्टी.

मी म्हटलं, "मिस्टर हेलिवेल, बरं नाही का तुम्हाला?"

म्हणाले, "शिडी तापते का ते बघतोय."

"मग? तापली?"

"हात ठेववत नाही इतकी तापली."

"मग झालं की! चांगलं झालं!"

तर ते म्हणाले, "आता काय उपयोग, थेल्मा?" आणि दार लावून घेतलं. मला त्यांनी आजवर मिसेस हॉर्सफॉल सोडून काही म्हटलेलं नाही.

आणि शुक्रवारी तर कहर. भर दिवसा ढकलगाडी घेऊन होरेसच्या मळ्यात गेले आणि तो जुना रेडिएटर मागायला लागले. त्यावर घेवडा आहे, शेंगा धरल्यात, पुढच्या शनिवारी भाज्यांचं प्रदर्शन. होरेस म्हणाला, "सिरिल, आठ दिवस थांब." तर म्हणाले, "सगळे थांबूनच बसलोय आपण." वेल सोडवायलाही थांबले नाहीत, तसाच गाडीत घातला. गल्लीतून येताना मागे वेल लोंबत होते. आता दोघं बोलत नाहीत. शनिवारी अंघोळीलाही आले नाहीत. मी टॉवेल काढून ठेवला होता.

मला तुमच्यात काय झालंय ते माहीत नाही. पण मे महिन्यापासून हा माणूस शीळ घालत होता, मिस हेलिवेल. डोरिस गेल्यापासून आम्ही ती ऐकली नव्हती. आता बंद आहे.

मागची खोली त्यांनी पिवळी रंगवली आहे. मला म्हणाले, बहिणीला पिवळा आवडतो. हे त्यांनी तुम्हाला कळवलं असेलच.

आपली,
थेल्मा हॉर्सफॉल

*

टॉडमॉर्डन
१० सप्टेंबर १९९२

प्रिय विनी,

हे पत्र मी चौथ्यांदा लिहितोय. आधीच्या तिन्हींत पाईपच आले.

तू यावंस असं मला वाटतं. ओलीसाठी नाही, आणि तुझं मनगट मोडलं म्हणूनही नाही. बंगली विकली गेली नसती तरी मला हेच वाटलं असतं. मे महिन्यात मला हेच लिहायचं होतं आणि ओलीवर लिहून झालं. मग तू अट घातलीस आणि मला हायसं वाटलं, कारण शिडी बसवता येते, तिचं पुस्तक मिळतं.

डोरिस गेल्यावर पहिले काही महिने लोक येत होते. आता संध्याकाळी टीव्हीवर बातम्या देणारा माणूस "नमस्कार" म्हणतो तेव्हा मी त्याला उत्तर देतो. एकदा होरेसने खिडकीतून ऐकलं आणि विचारलं, कोण आलंय? मी म्हटलं, तुझी बहीण येणार आहे त्याची तालीम. म्हणजे, माझी. मला लिहितानाही नीट लिहिता येत नाहीये.

मला घरात असं माणूस हवंय, ज्याला मी नऊ वर्षांचा असताना कसा होतो ते माहीत आहे. असं आता जगात एकच उरलंय. तू माझ्यावर हसतेस, ते मला हवंय. तू उणं काढतेस, तेही. डोरिस म्हणायची, विनी येऊन गेली की घराचे कान आठ दिवस वाजतात. ते वाजणं मला हवंय.

न्हाणीघराबद्दल खोटं सांगत नाही. गालिचा नाही, फळ्या उघड्या आहेत, शिडी पुन्हा गार आहे. जुना रेडिएटर जिन्यात उभा आहे, त्याच्यावर अजून घेवडा आहे. होरेस बोलत नाही, आणि एकट्याने तो वर चढत नाही. सगळ्या गल्लीत इतकं वाईट न्हाणीघर दुसरं नसेल. टॉवेलचं कसलंही वचन मी देत नाही.

फ्लॅट चांगला असणार. दोरी ओढली की बाई येत असणार. इथे दोरी नाही. हाक मारलीस तर मी येईन, फक्त दोनदा मारावी लागेल, डाव्या कानाने कमी ऐकू येतं.

तू सही केली आहेस हे मला माहीत आहे. तरी लिहितो. ये. मी तुला बोलावतोय.

तुझा भाऊ,
सिरिल

*

ब्रिडलिंग्टन
१४ सप्टेंबर १९९२

प्रिय सिरिल,

शनिवारी दुपारच्या गाडीने येते आहे. लीड्सला गाडी बदलायची आहे, तिथे येऊन धावपळ करू नकोस, मला फलाट वाचता येतात. टॉडमॉर्डनला ये. बॅगा तीन आहेत आणि एक पेटी लोकरीची. होरेसकडे जा आणि माफी माग. प्रदर्शनात ह्या वर्षी त्याचा घेवडा नव्हता ह्याचं दुःख मला कळतं, आणि शिवाय रेडिएटर वर चढवायला त्याचे हात लागणार आहेत. थेल्माला सांग, आलं होतं तसंच ठीक होतं.

तुझं पत्र आलं त्याच सकाळी वॉर्डनबाईंनी मला फ्लॅट दाखवायला बोलावलं होतं. वेळ दिली होती म्हणून गेले. पत्र पर्समध्ये होतं, उघडलेलं, पण एकदाच वाचलेलं. बाई फार चांगल्या. त्यांनी खिडकी दाखवली, समुद्र दाखवला, दोरी दाखवली. मग न्हाणीघराचं दार उघडलं आणि समोर भिंतीवर तशीच शिडी, पांढरी, आणि तिच्यावर टॉवेल. "बारा महिने गरम असते हं," त्या म्हणाल्या. मी टॉवेल काढला आणि गालाला लावला. हॅरोगेटला होता अगदी तसाच, तितकाच गरम. मला तिथे उभ्या उभ्या रडू फुटलं. बाईंना वाटलं आनंदाने. त्या मला पाणी आणायला गेल्या. सगळं कसं शांत होतं, इतकं शांत की आपण टॉवेलने अंग पुसून तो घडी करून ठेवला तरी कोणाला कळणार नाही, आपण अंघोळ केली की नाही.

पाणी प्यायले आणि त्यांना म्हटलं, हा फ्लॅट दुसऱ्या कोणाला तरी द्या, यादीत बायका आहेत म्हणालात ना. त्या घाबरल्या. म्हणाल्या, "मिस हेलिवेल, काही कमी आहे का? सांगा, आपण बदलून घेऊ."

मी म्हटलं, "नाही हो. इथे काही कमी नाही. माझ्या भावाने मला बोलावलंय."

हे वाक्य मला मे महिन्यापासून कोणाला तरी सांगायचं होतं.

तुझी,
विनी